दिवाण अधारसिंह

मध्य प्रदेशातील जबलपूर शहराच्या उत्तरेस अधारताल नावाचा भाग आहे. १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय याच भागात आहे. या वस्तीला तिचे नाव एका तलावावरून मिळाले आणि त्या तलावाला ते एका दिवाणावरून मिळाले. जबलपुरात राणीताल, चेरीताल आणि अधारताल अशी तीन नावे जोडीने घेतली जातात. राणी दुर्गावतीने खोदवला तो राणीताल, तिच्या दासीचा तो चेरीताल आणि तिचा दिवाण अधारसिंह याचा तो अधारताल, असे तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. राजेरजवाड्यांनी तलाव बांधावेत आणि त्यांना त्यांची नावे मिळावीत, यात नवल नाही. परंतु राणीच्या नावाशेजारी तिच्या सेवेतील दोन माणसांची नावे साडेचारशे वर्षे लोकांच्या तोंडी राहावीत, ही गोष्ट विरळा आहे.

सोळाव्या शतकात नर्मदेच्या खोऱ्यात गोंड राजांचे गढा-कटंगा हे विस्तीर्ण राज्य होते. पुढे ते गढा-मंडला या नावाने ओळखले जाऊ लागले. संग्रामशाह या पराक्रमी राजाने ते वाढवले. त्याचा पुत्र दलपतशाह याचा विवाह चंदेल राजघराण्यातील दुर्गावतीशी १५४२ साली झाला. दलपतशाहाला फार आयुष्य लाभले नाही. १५५०च्या सुमारास तो वारला, तेव्हा त्याचा मुलगा वीरनारायण अवघा पाच वर्षांचा होता. दुर्गावतीने मुलाला गादीवर बसवले आणि राज्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. या कामी तिला दोन माणसांचा आधार होता. एक मान ब्राह्मण आणि दुसरा अधार कायस्थ.

दिवाणाचे काम बाहेरून दिसते तितके सोपे नव्हते. गावागावांतून येणारा महसूल, शिपायांचे पगार, हत्तींचा चारा, किल्ल्यांवरील धान्याचे साठे, शेजारच्या दरबारांशी चालणारा पत्रव्यवहार, या सर्वांचा हिशेब अखेरीस दिवाणाच्या दप्तरात येत असे. अकबराचा इतिहासकार अबुल फजल याने लिहून ठेवले आहे, की दुर्गावतीच्या राज्यात लागवडीखालील तेवीस हजार गावे होती. त्यांपैकी बारा हजार गावांवर तिचे स्वतःचे शिकदार म्हणजे महसुली अधिकारी नेमलेले होते आणि उरलेली गावे मांडलिक सरदारांकडे होती. हा मुलूख इतका संपन्न होता, की येथील रयत आपला सारा सोन्याच्या मोहरांत आणि हत्तींच्या रूपाने भरते, अशीही नोंद मोगलांच्या दप्तरात सापडते.

राजा अज्ञान बालक आणि खजिना भरलेला, अशी स्थिती कोणत्याही दिवाणाची परीक्षा पाहणारी असते. अशा वेळी कारभारी हळूहळू मालक होऊ लागतात. त्याच सुमारास दिल्लीच्या तख्तावर तेरा वर्षांचा अकबर बसला होता आणि त्याचा पालक बैरामखान याच्याशी त्याचे इतके बिनसले, की १५६० साली प्रकरण लढाईपर्यंत गेले. गढ्याच्या राज्यात असे काही घडले नाही. सुमारे पंधरा वर्षे राणी, अल्पवयीन राजा आणि दोन कारभारी यांनी मिळून राज्य चालवले. माळव्याच्या बाजबहादुराची स्वारी राणीने परतवून लावली. तलाव बांधले गेले. जबलपूरचे ते तीन तलाव याच वर्षांची आठवण आहेत.

१५६४ साल उजाडले. अकबराचा सरदार ख्वाजा अब्दुल मजीद, ज्याला आसफखान ही पदवी होती, तो कडा प्रांताचा सुभेदार होता. शेजारच्या या श्रीमंत राज्यावर त्याची नजर होती. दहा हजारांची फौज घेऊन तो गढ्याच्या दिशेने निघाला. राणीचे सैन्य कागदावर मोठे होते. वीस हजार घोडेस्वार आणि एक हजार हत्ती तिच्याजवळ असल्याचे सांगतात. परंतु शत्रू जवळ आल्याची बातमी फुटताच ते सैन्य पांगले. आपापले कुटुंब वाचवण्यासाठी सरदार घरोघरी गेले. राणीजवळ जेमतेम पाचशे माणसे उरली.

ही बातमी राणीला सांगण्याचे काम अधारसिंहाकडे आले. वरिष्ठाला सुखावणारी बातमी कोणीही धावत जाऊन सांगतो. वाईट बातमी सांगताना मात्र शब्द चाचरतात, आकडे मोठे होतात आणि दोष दुसऱ्याच्या पदरात टाकले जातात. अधारसिंहाने तसे केले नाही. फौज पांगली आहे, शत्रू बळकट आहे आणि आपल्याजवळ माणसे थोडी आहेत, ही वस्तुस्थिती त्याने जशीच्या तशी राणीपुढे मांडली. राणीला संताप आला. सैन्य पांगले ते त्याच्याच गैरव्यवस्थेमुळे, असा ठपका तिने त्याच्यावर ठेवला. इतकी वर्षे या मुलखावर राज्य केल्यावर आता पळून जाणे आपल्याला शोभणार नाही, असे सांगून तिने लढण्याचा निश्चय जाहीर केला.

इतक्या वर्षांच्या सेवेनंतर सर्वांसमोर दोष माथी आल्यावर अधारसिंहाला निघून जाण्याचे निमित्त सहज मिळाले असते. वाटही मोकळी होती. त्या दिवसांत गढ्यातून बाहेर पडणाऱ्यांची काही कमतरता नव्हती. पण तो राणीबरोबर राहिला. मराठी वाचकाला येथे रामशास्त्री प्रभुणे यांची आठवण होणे साहजिक आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्र्यांनी रघुनाथरावाला दोषी ठरवले आणि न्यायाधीशाचे पद सोडून ते पुण्याबाहेर गेले. एकाने पद सोडले आणि दुसऱ्याने सोडले नाही, तरी या दोन वागण्यांत विरोध नाही. रामशास्त्र्यांच्या धन्याने अपराध केला होता. त्या धन्याच्या हाताखाली काम करणे म्हणजे अपराधाला संमती देणे झाले असते. दुर्गावतीने कोणताही अपराध केला नव्हता. तिचा निर्णय दिवाणाला धोक्याचा वाटत होता, एवढेच. मालकाचा निर्णय आपल्याला न पटणे आणि मालकाचे कृत्य अन्यायाचे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रसंगी स्पष्ट मत द्यावे आणि मग नेमून दिलेले काम करावे. दुसऱ्या प्रसंगी मात्र त्या कामाला हात लावू नये. नोकरीत ही रेषा ओळखणे फार अवघड असते आणि पुष्कळ माणसे ती उलट्या बाजूने ओलांडतात. मानापमानासाठी ती राजीनामे देतात आणि अन्यायाच्या वेळी गप्प बसतात.

आजच्या काळात ही रेषा कायद्याने काही प्रमाणात आखून दिलेली आहे. भारत सरकारच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेले केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम १९६४ सालचे आहेत. कर्मचाऱ्याने सचोटी पाळावी, कर्तव्यनिष्ठ असावे आणि वरिष्ठाचा आदेश नसेल तेव्हा स्वतःच्या उत्तम विवेकाने काम करावे, असे ते नियम सांगतात. वरिष्ठाने शक्यतो तोंडी आदेश देऊ नये. द्यावाच लागला तर नंतर लगेच तो लेखी करून द्यावा आणि कनिष्ठानेही तशी लेखी पुष्टी मागून घ्यावी, अशीही त्यांत तरतूद आहे. आदेश कोणाचा आणि जबाबदारी कोणाची, हे पुढे धूसर होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. अधारसिंहाच्या काळी असा कोणताही नियम नव्हता. आपले मत काय आणि राणीचा हुकूम काय, हे त्याला मनातच वेगळे ठेवावे लागले.

राणीने गौर आणि नर्मदा या नद्यांच्या परिसरातील नर्रई येथील डोंगराळ जागा लढाईसाठी निवडली. अरुंद घाटात थोड्या माणसांनाही मोठी फौज अडवता येते. पहिल्या चकमकीत तिने मोगलांना मागे रेटले. त्याच रात्री शत्रूवर छापा घालावा, असा तिचा आग्रह होता; कारण सकाळ झाली, की आसफखान तोफा घेऊन येणार हे तिला दिसत होते. सरदारांनी तिचे ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी नेमके तेच घडले. सल्ला नेहमी हाताखालच्याचाच बरोबर असतो असे नाही. त्या रात्री राणीचे म्हणणे योग्य होते आणि तिचे सरदार चुकले.

तोफांच्या माऱ्याखाली घाट पडला. राणी आपल्या सरमन नावाच्या हत्तीवर बसून लढत होती. तरुण वीरनारायण जखमी झाला, तेव्हा तिने त्याला रणांगणाबाहेर पाठवून दिले. तिच्याभोवती तीनशे माणसे राहिली. एक बाण तिच्या कानशिलात घुसला. तिने तो स्वतः उपटून काढला, पण त्याचे टोक आतच मोडून राहिले. दुसरा बाण मानेत लागला आणि तिची शुद्ध हरपली.

शुद्धीवर आल्यावर राणीने हत्तीवर पुढे बसलेल्या अधाराला हाक मारली. अबुल फजलने या अधाराला बघेल म्हटले आहे. लोकपरंपरेने मात्र हत्तीवरील हा अधार आणि राज्याचा दिवाण अधारसिंह हे एकच मानले आहेत. राणीने त्याला सांगितले, की अशाच एखाद्या दिवसासाठी आपण त्याच्यावर विश्वास टाकला होता. आज लढाईत आपला पराभव झाला आहे. आपली अब्रू तरी शत्रूच्या हाती लागू नये, म्हणून त्याने कट्यारीने आपला शेवट करावा. ही आज्ञा राणीची होती आणि तिच्यामागे स्वाभिमानाची तीव्र भावना होती. तरीही अधाराचा हात उठला नाही. ज्या हाताने आजवर राणीचे अन्न घेतले, तो हात हे काम करू शकणार नाही, असे त्याने नम्रपणे सांगितले. नुसता नकार देऊन तो थांबला नाही. हत्ती वेगवान आहे, राणीला रणांगणाबाहेर सुखरूप नेणे आपल्याला शक्य आहे, असा दुसरा मार्गही त्याने सुचवला.

राणी रागावली. तिने त्याच्या दुबळेपणाचा धिक्कार केला आणि स्वतःच्या हाताने कट्यार खुपसून घेतली. तो दिवस २४ जून १५६४ हा मानला जातो. अधाराचा नकार बरोबर होता की नाही, यावर दोन मते होऊ शकतील. राणीच्या दृष्टीने तो आज्ञाभंग होता. पण जे करण्यास आपले मन धजत नाही ते तोंडावर, धन्याच्या रोषाला न भिता सांगणे, हे दुबळेपणाचे लक्षण खासच नव्हे.

या कथेत आणखी एक नोकर आहे आणि तो जिंकलेल्या बाजूचा आहे. आसफखान मुळात तलवारीचा नव्हे, लेखणीचा माणूस होता. सुभेदार होण्यापूर्वी त्याने अकबराच्या दरबारात दिवाणाचे काम पाहिले होते. हिशेब म्हणजे काय, सरकारी मालमत्ता कोणाची आणि ती कोठे जमा करावयाची, हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. दोन महिन्यांनी त्याने चौरागड किल्ला घेतला. वीरनारायण तेथे लढता लढता मारला गेला. किल्ल्यात रत्ने, सोन्याच्या मूर्ती, अल्लाउद्दीन खिलजीच्या काळातील मोहरांनी भरलेली भांडी आणि एक हजार हत्ती सापडले. हे सारे बादशाही खजिन्यात जमा व्हावयास हवे होते. आसफखानाने आग्र्याला पाठवले ते फक्त दोनशे हत्ती. उरलेले हत्ती आणि सारे जडजवाहीर त्याने दडवून ठेवले.

१५६५ साली तो आपली फौज घेऊन बादशहाच्या भेटीस गेला, तेव्हा दरबारातील हिशेबनिसांनी चौरागडच्या लुटीची विचारपूस सुरू केली. दिवाण मुजफ्फरखान याच्या बोलण्याचा रोख त्याच्या ध्यानात आला. ज्याच्यापाशी दहा हजारांची फौज होती आणि ज्याने एक राज्य जिंकले होते, तो सरदार कारकुनांच्या प्रश्नांना इतका घाबरला, की एका रात्री छावणी सोडून पळाला. काही काळ तो बंडखोर म्हणून वणवण हिंडला. पुढे अकबराने त्याला क्षमा केली आणि १५६८ साली चितोड जिंकल्यावर तेथील कारभारही त्याच्याकडे सोपवला. अपहार करणाऱ्याला नेहमीच शिक्षा होते असे इतिहास सांगत नाही.

या दोन्ही दिवाणांची हकिगत आपल्यापर्यंत पोचवली ती अबुल फजलने, आणि तो स्वतः अकबराच्या पदरी होता. दुर्गावतीने बादशहाला शरण यावयास हवे होते, अशी त्याची धारणा होती आणि तिच्यावर त्याने टीकाही केली आहे. तरी राणीचे शौर्य त्याने लपवले नाही, अधाराचे उत्तर गाळले नाही आणि स्वतःच्या धन्याच्या विजयी सेनापतीने आठशे हत्ती दडवले, हेही लिहून ठेवले.

गढ्याचे राज्य त्यानंतरही दोन शतकांहून अधिक काळ टिकून राहिले. १७८१ साली ते सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात गेले, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ नंतर इंग्रजांकडे आले. जबलपूर वाढत गेले, तलावांच्या भोवती वस्त्या उठल्या. चौरागडवर सापडलेल्या त्या मोहरांचा आज मागमूस नाही. आसफखानाच्या नावाचा एखादा तलाव जबलपुरात कोणी दाखवत नाही. उत्तरेकडे जाणाऱ्या वाहनांचे वाहक मात्र रोज सकाळी अधारतालच्या नावाने प्रवाशांना हाका मारतात.