डाळीतले गंधक आणि कमला सोहोनी

धार आणि देवास या पवारांच्या संस्थानांच्या मधोमध होळकरांचे इंदूर. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे कमला भागवत यांचा जन्म झाला. दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ.

मुंबईतून उत्तम गुणांनी पदवी घेतलेल्या कमलाबाईंना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, तोही पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी न मानण्याच्या आणि इतरांचे लक्ष विचलित न करण्याच्या अटींवर. एवढ्या थोर शास्त्रज्ञाच्या दृष्टीतील हा संकोच आजही खटकतो. तेथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असल्याचे त्यांनी दाखवले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

दिल्ली आणि कुन्नूर येथे काही काळ काम करून, विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या आणि पुन्हा कडधान्यांकडे वळल्या. शरीराला लागणारे गंधक मुख्यतः प्रथिनांतील मेथिओनीन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांतून मिळते. कडधान्यांत नेमकी हीच आम्ले तोकडी. त्यातच कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारे द्रव्य असते. मग स्वादुपिंड अधिक पाचकरस स्रवते आणि त्यासोबत गंधकयुक्त आम्लेही वाया जातात. आधीच तोकडे, त्यात गळती. भारतीय अन्नधान्यांतील या अवरोधक द्रव्यांचा शोध कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने घेतला. नीट शिजवल्यावर त्यांचा प्रभाव बहुतांशी ओसरतो. भातात मेथिओनीन तुलनेने अधिक असल्याने भाताशेजारी आळसाण्यांचे तोणाक वाढणाऱ्या गोमंतकीय गृहिणीने, नकळत का होईना, हे गणित सोडवलेलेच आहे. वर मासळी असली तर प्रश्नच नको. पुरेशी प्रथिने खाणाऱ्याला गंधकाच्या महागड्या पूरक गोळ्यांची सहसा गरज पडत नाही.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांना हे स्वस्त पेय उपयुक्त ठरते, असे त्यातून दिसले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र दीर्घ प्रतीक्षेनंतरच मिळाले.

निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या, अन्नातील भेसळीविषयी लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार आयोजिला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.