कलामहर्षी बाबूराव पेंटर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर पुरुषाचे अल्पचरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांची निवड करण्यास एक घरगुती कारण घडले आहे, ते आरंभीच सांगितलेले बरे.

कर्जत व खालापूर तालुक्यांत पिढ्यान् पिढ्या आपण नांगर, बैलगाड्या, दारे-खिडक्या आणि देव्हारे घडवीत आलो. नांगर लोखंडाचा झाला, गाडी गेली, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या हत्यारपेट्या बंद पडण्याची वेळ आली. अशा काळात खालापूर तालुक्यातील चौकनजीक हातनोली येथे २००५ साली कै. नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपटांचा स्टुडिओ उभा राहिला. 'जोधा अकबर' (२००८) या चित्रपटासाठी तेथे उभारलेला राजवाडा पाहून प्रेक्षक थक्क झाले. परंतु त्या भिंतींच्या पाठीशी लाकडी चौकटी, प्लायवूड आणि प्लॅस्टर आहे हे आपणांस निराळे सांगावयास नको. रंधा आणि करवत यांना तेथे पुन्हा मान मिळाला.

आता काळाने आणखी एक वळण घेतले आहे. पूर्वी राजवाडा चारही बाजूंनी बांधावा लागे. आज समोरची एक भिंत बांधतात, बाकीची जागा हिरव्या कापडाने झाकतात, आणि शिखरे, तटबंदी व आकाश संगणकावर रचतात. या विद्येस बाजारात व्हीएफएक्स म्हणतात. आपण तिला दृश्यचमत्कार म्हणू. आपल्या घरांतील काही मुलेमुली ही विद्या व तिच्या जोडीला चलच्चित्रांचे संकलन शिकू लागली आहेत. वडिलांच्या मनात मात्र शंका उभी राहते की, मुलगा जी विद्या शिकतो आहे तीच बापाच्या हातचे काम काढून घेणार नाही काय? ही शंका क्षुल्लक नाही. तिचे उत्तर शब्दांनी देण्यापेक्षा ज्याने असेच वळण स्वतःच्या आयुष्यात घेतले त्याचे चरित्र पाहणे अधिक हिताचे, असे आम्हांस वाटते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील कृष्णराव यांचा व्यवसाय सुतारकी-लोहारकीचा. शिवाय चित्रकला व मूर्तिकाम यांतही त्यांचा हात चालत असे. बाबूरावांचे शाळेतील शिक्षण थोडकेच झाले. त्यांची खरी शाळा म्हणजे घरातील कारखाना. लाकूड कोठे धरावे, लोखंड केव्हा वाकते, माती किती ओली असावी, हे ज्ञान पुस्तकाविना त्यांच्या बोटांत उतरले. राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयामुळे त्या काळी कोल्हापूर हे चित्रकार, गवई, मल्ल आणि नाटक मंडळ्या यांचे माहेरघर झाले होते. अशा नगरीत हुशार कारागिराला गुरूंची वाण पडत नाही.

बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव या जोडीने नाटकांचे पडदे रंगविण्यात लवकरच नाव मिळविले. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीचे पडदे त्यांच्या कुंचल्यातून उतरले. सपाट कापडावर राजवाड्याचे दालन दूरवर गेल्यासारखे दाखवावयाचे, खांबामागे खांब लहान होत गेलेला दाखवावयाचा, दिव्याचा उजेड कोणत्या बाजूने येतो ते ठरवून त्याप्रमाणे सावल्या टाकावयाच्या, ही त्या कलेची मूलतत्त्वे होत. लोक या बंधूंना पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट प्रदर्शित झाला. तो पाहून दोघे बंधू भारावून गेले. वास्तविक पाहता भिण्याचेही कारण होते. पडद्यावर जर प्रत्यक्ष अरण्य आणि प्रत्यक्ष नदी दिसू लागली, तर रंगविलेल्या अरण्याला कोण विचारणार? ज्या यंत्रामुळे आपला धंदा उद्या बसण्याचा संभव, त्या यंत्राकडे पाठ फिरविणे हा मनुष्यस्वभाव होय. या बंधूंनी ते यंत्रच समजून घेण्याचे ठरविले.

परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके द्रव्य जवळ नव्हते. तेव्हा त्यांनी प्रथम चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय पत्करला, आणि तो करीत असतानाच कॅमेरा स्वतः घडविण्याची खटपट आरंभिली. दाखविण्याच्या यंत्रात कॅमेऱ्याचे निम्मे रहस्य असते. फिल्मच्या पट्टीवर प्रत्येक चौकट स्थिर चित्राची असते. यंत्रातील आकडी पट्टीच्या भोकांत अडकून ती एक चौकट पुढे ओढते, क्षणभर थांबविते, आणि पुन्हा ओढते. ओढण्याच्या वेळी फिरती झडप प्रकाश अडविते, म्हणून डोळ्यास पट्टीची धाव दिसत नाही. केवळ चित्र हलल्याचा भास होतो. दाखविण्याचे यंत्र प्रकाश बाहेर फेकते, कॅमेरा तो आत घेतो. ओढणे, थांबणे आणि झडप यांचा मेळ दोहोंत सारखाच. मूकपटाच्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत. सेकंदाला सुमारे दोन फेरे आणि दर फेऱ्याला आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला सोळा चित्रे, हा तेव्हाचा सामान्य हिशोब होता.

हे तत्त्व सांगण्यास सोपे, पण घडविण्यास कठीण. दातेरी चाकांत केसाइतका फरक राहिला तरी चित्र थरथरते. त्या काळचे कॅमेरे बहुधा लाकडी पेटीचे असत. पेटीच्या सांध्यातून प्रकाशाचा एक किरण आत शिरला तर सारी फिल्म वाया जाते. घट्ट सांधा आणि अचूक माप यांची किंमत सुतार-लोहाराच्या मुलाइतकी दुसरा कोण जाणणार?

प्रयोग चालू असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांचा उजवा हातच गेला. ज्याच्या जोडीने स्वप्न पाहिले तो नाही, यंत्र अपुरे, आणि पदरी कर्ज करण्याचीही ऐपत नाही, अशा अवस्थेत दुसरा कोणी पुन्हा पडद्यांकडे वळला असता. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून काम पुढे नेले. हे दामले मूळचे पेणचे, म्हणजे आपल्या खालापूरच्या शेजारच्या तालुक्यातले. अखेर १९१८ साली गुरुशिष्यांनी चालता कॅमेरा सिद्ध केला. भावाने आरंभिलेले काम भावाच्या पश्चात तडीस गेले.

गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरविले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. एका गायिकेने एका कारागिराच्या हातांवर विश्वास टाकला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्यास प्रदर्शित झाला. त्यातील स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की, प्रेक्षक भयभीत झाले आणि त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. खोट्याला खऱ्याची कळा आणणे हाच दृश्यचमत्काराचा हेतू असेल, तर तो आपल्याकडे संगणकापूर्वी कितीतरी वर्षे सफल झाला होता. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली.

आता त्यांच्या कार्यपद्धतीकडे वळू. आजच्या विद्यार्थ्यांस येथेच अधिक लाभ आहे. चित्रीकरणापूर्वी पात्रांचे वेष, उभे राहण्याच्या तऱ्हा आणि हालचाली यांची रेखाटने ते स्वतः करीत. चित्र आधी कागदावर आणि मग फिल्मवर, असा त्यांचा क्रम होता. आजही चांगल्या चित्रशाळेत प्रसंगांची चित्रमालिका प्रथम काढून घेतात, कारण कागदावर झालेली चूक स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट देखाव्यांची. पडदे रंगविण्यात ज्यांनी नाव कमावले त्या बाबूरावांनीच चित्रपटातील रंगविलेल्या पडद्यांची रीत मोडली, आणि पात्रे ज्यांत वावरू शकतील अशी भरीव दालने, खांब व दरवाजे उभारले. नाटकाचा प्रेक्षक एका जागी बसलेला असतो. कॅमेरा जवळ जातो, बाजूस वळतो, आणि मग सपाट पडद्याचे बिंग फुटते, हे त्यांनी ओळखले. स्वतःच्या हातची कीर्ती बाजूस सारून ही सुधारणा करण्यास मोठे मन लागते. पण पडद्यावर शिकलेली खोलीची आणि सावलीची जाण त्यांनी टाकली नाही. तीच भरीव दालनांत उपयोगी पडली.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. त्या काळच्या फिल्मला रंगांची जाण अपुरी होती. तांबडा रंग तिच्यावर काळा उमटे, आणि निळे आकाश पांढरे फटक होई. बाबूरावांनी भिंगापुढे निरनिराळ्या काचा धरून छटा साधल्या. 'सिंहगड' (१९२३) या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. आपल्या देशात त्याचा अवलंब करणाऱ्या आरंभीच्या चित्रपटांत त्याची गणना होते. 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटास लंडननजीक वेंब्ले येथील प्रदर्शनात पदक मिळाले. पुढे १९२५ साली 'सावकारी पाश' आला. देवादिकांच्या कथा सोडून कर्जाने नागवल्या गेलेल्या शेतकऱ्याची कथा त्यात होती. त्या शेतकऱ्याची भूमिका करणारा तरुण म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले व्ही. शांताराम होत. चमत्कार साधणारा हात साध्या झोपडीचे सत्यही तितक्याच ताकदीने दाखवू शकतो, हे या चित्रपटाने सिद्ध केले.

चरित्रकाराने केवळ गुणगान करू नये. बाबूरावांचा पुढील काळ तितका यशाचा गेला नाही. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे त्यांचे प्रमुख शिष्य कंपनी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. लवकरच बोलपटांचे युग आले. ज्या पुरुषाने पडद्याकडून कॅमेऱ्याकडे एवढी मोठी उडी घेतली, त्याला ध्वनीच्या नव्या विद्येत तसे स्थान मिळविता आले नाही. 'उषा' (१९३५), 'प्रतिभा' (१९३७) असे काही बोलपट त्यांनी दिग्दर्शित केले. परंतु त्यांचे मन अधिकाधिक चित्र व शिल्प यांतच रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे त्यांचा देहान्त झाला.

तथापि शिष्य सोडून गेले म्हणून विद्या वाया गेली काय? दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. त्यातील सदेह वैकुंठगमनाचा देखावा पाहताना महाराष्ट्राने हात जोडले. तो देखावा उभा करणाऱ्यांनी प्रकाश, खोली आणि सांधा यांचे पहिले धडे बाबूरावांच्या कारखान्यात गिरविले होते. प्रभातची पुण्यातील जागा पुढे चित्रपट शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेकडे गेली, आणि आजही तेथे विद्यार्थी शिकतात. जो कारागीर शिष्यांपासून काही लपवीत नाही, त्याचा कारखाना बंद पडला तरी त्याची परंपरा बंद पडत नाही.

आता आरंभीच्या शंकेकडे येऊ. संगणकामुळे सेटवरील काही काम कमी होईल, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संगणकावर राजवाडा रचणाऱ्यासही कमानीचा भार कोठे पडतो, खांब दूर गेला की किती लहान दिसतो, आणि दुपारच्या उन्हात तुळईची सावली कोठे पडते, हे कळावेच लागते. बांधलेली भिंत आणि संगणकातली भिंत यांचा सांधा जुळला नाही, तर अजाण प्रेक्षकासही काही खटकते. आज सेकंदाला चोवीस वा पंचवीस चौकटी असतात, चित्रे फिल्मऐवजी अंकांत साठवितात, आणि एकावर एक थर ठेवून दृश्य जुळवितात. पण चौकट, प्रकाश, खोली आणि सांधा ही चार मूलतत्त्वे बाबूरावांच्या काळी होती तीच आहेत. हे ज्ञान आपल्या घरांत गुण्या, ओळंबा आणि सुताच्या रूपाने आधीपासून नांदत आहे.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंती अशी की, मुलास महागडा संगणक घेऊन देण्यापूर्वी त्याच्या हाती पेन्सिल द्यावी. सुटीत त्याला कामावर न्यावे, माप घेऊ द्यावे, एक चौकट स्वतःच्या हाताने सांधू द्यावी. विद्यार्थ्यांनीही आज्ञावलीची नावे पाठ केली म्हणजे विद्या आली असे मानू नये. आज्ञावली दर काही वर्षांनी बदलतात, आणि जो केवळ त्यांवर विसंबला तो त्यांच्याबरोबर जुना होतो. यंत्र उघडून त्याचे मर्म पाहण्याची बाबूरावांची जिज्ञासा अंगी बाणवावी; आणि वय झाल्यावरही नवीन विद्येचे दार उघडे ठेवावे, कारण त्यांच्या उत्तरायुष्याचा बोधही हाच आहे.

कोल्हापुरास जाण्याचा योग आला तर तेथील कॅमेऱ्याच्या आकाराचे स्मारक मुलांना अवश्य दाखवावे. ते पाहताना त्यांना एवढेच सांगावे की, हा कॅमेरा विकत आणलेला नव्हता; तो सुतार-लोहाराच्या घरातल्या मुलाने, भावाच्या मृत्यूनंतरही हार न मानता, स्वतःच्या हातांनी घडविला होता. त्या हातांना आमचे विनम्र अभिवादन.