शिष्यवृत्ती नाकारली, तरी ऑक्सफर्ड गाठलं

मैत्रिणींनो, परवा आमच्या महिला मंडळात शेजारच्या आळीतली एक मुलगी आली. शिकून नोकरीला लागलेली, हुशार पोर. परदेशातल्या एका फेलोशिपचा अर्ज भरायचा म्हणून मार्कशीट, शिफारसपत्रं, स्वतःबद्दल लिहायचा निबंध असं सगळं बाड घेऊन आली होती. जागा मोजक्याच, अर्ज मात्र ढीगभर. आपला नंबर लागेल का, या काळजीनं तिचं तोंड एवढंसं झालेलं. तिचे कागद लावून देता देता मला कॉर्नेलिया सोराबजी आठवल्या. तिला सांगितलं तेच आज तुम्हालाही सांगते.

कॉर्नेलियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा, आपल्या नाशिकचा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं आणि त्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलामुलींना घेतलं. घरात बऱ्याच मुली आणि एकच मुलगा, पण शिक्षणात डावं-उजवं नव्हतं. आईकडे अडल्यानडल्या बायका सल्ल्याला यायच्या. त्यात एकदा पडद्यातली एक श्रीमंत विधवा आली. तिचा कारभार बघणाऱ्या माणसानंच तिला लुबाडलं होतं. वकील सगळे पुरुष आणि परपुरुषासमोर यायचं नाही अशी रीत. मग बाईनं दाद मागायची कुणाकडे? त्या छोट्या मुलीच्या मनात हे घर करून राहिलं. आपण कायदा शिकायचा, हे तिथंच ठरलं म्हणा ना.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शेकडो मुलांत ती एकटी मुलगी. पोरं वर्गाचं दार तिच्या तोंडावर आपटायची. तिनं ना रडगाणं गायलं, ना कॉलेज सोडलं. अभ्यास करत राहिली आणि बी.ए.ला पहिल्या वर्गात, कॉलेजात पहिली आली. मुंबई विद्यापीठाची ती पहिली महिला पदवीधर.

खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते. पदवीला असा वरचा नंबर काढणाऱ्याला इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. म्हणजे कॉर्नेलियाचा हक्कच झाला. पण सरकारनं ती दिली नाही. कारण एवढंच, की ही मुलगी होती. नियम केले तेव्हा मुलगी पहिली येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! मार्कांत कमी पडलं तर पुन्हा अभ्यास करता येतो. बाईच्या जन्माला आल्यावर कसला फेरअर्ज करायचा?

ती मात्र हात जोडून घरी बसली नाही. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी धरली. विशी-एकविशीची पोरगी आणि समोर वर्गात सगळे मुलगे! तिकडे तिच्यावरच्या अन्यायाची बातमी विलायतेत पोचली. पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. सरकार बधलं नाही, पण मेरी हॉबहाऊस या बाईंनी १८८८ साली लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून तिच्यासाठी पैसे जमवायला सुरुवात केली. मदत करणाऱ्यांत फ्लोरेन्स नाइटिंगेल होत्या. मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेले आणि पुढं १८८९ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले सर विल्यम वेडरबर्नही होते. सरकारनं नाकारलेली शिष्यवृत्ती माणसांनी वर्गणी काढून दिली म्हणा! १८८९ मध्ये कॉर्नेलिया बोटीत बसली आणि ऑक्सफर्डच्या सोमरविलमध्ये दाखल झाली.

तिथं तरी सगळं सुरळीत झालं का? छे! कायद्याचा बी.सी.एल. हा अभ्यासक्रम बाईनं कधी केलेलाच नव्हता. बेंजामिन जोवेट यांच्यासारखे वजनदार प्राध्यापक तिच्या पाठीशी उभे राहिले. ऑल सोल्स कॉलेजच्या ग्रंथालयात बसून वाचायची परवानगी मिळालेली ती पहिली बाई. १८९२ मध्ये परीक्षा तोंडावर आली तर नवीनच अडचण. तिनं मुलांबरोबर नव्हे, वेगळं एकटीनं बसून पेपर लिहावेत असं ठरलं. तिनं हट्ट धरला, की परीक्षा सगळ्यांची एकच तर जागाही एकच हवी. अगदी आयत्या वेळी विद्यापीठानं खास ठराव करून तिला मुलांबरोबर बसू दिलं. ती पास झाली. वर्ग तिसरा मिळाला, तिला वाईटही वाटलं. पण ही परीक्षा देणारी जगातली ती पहिली बाई होती.

आणि पदवी? ती नाहीच! ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना परीक्षा देऊ द्यायचं, पण पदवी द्यायचं नाही. तो नियम १९२० मध्ये बदलला आणि कॉर्नेलियाबाईंच्या हातात पदवी पडली १९२२ साली. तीस वर्षांनी! तोवर त्यांची पन्नाशी उलटून गेली होती.

या तीस वर्षांत बाई थांबल्या नाहीत हे महत्त्वाचं. १८९३ मध्ये भारतात आल्या तर कोर्टात उभं राहायची मुभा नाही. मग मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. दिली, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरी सनद नाही. शेवटी बायकांसाठी सरकारी कायदे-सल्लागार नेमा म्हणून त्यांनी सरकारकडे लकडा लावला आणि १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओडिशा, आसाम या भागांत पालखीतून, बोटीतून, मिळेल त्या वाहनानं त्या फिरल्या. पडद्यातल्या, इस्टेटीच्या भांडणात अडकलेल्या सहाशेहून जास्त बायका-मुलांना त्यांनी मदत केली. आईच्या घरी आलेल्या त्या विधवेचं ऋण असं फेडलं.

१९२३ च्या कायद्यानं भारतात बायकांना वकिलीचं दार उघडलं. त्यानंतर बाईंनी कलकत्त्यात थोडी वर्षं वकिली केली. पुढं त्या लंडनला राहायला गेल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी तिथंच वारल्या. एक गोष्ट झाकून ठेवू नये. इंग्रजी राज्य इथं राहावं असं त्यांचं मत होतं, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. ते आपल्याला पटायचं नाही. त्यामुळं आपल्याकडे त्यांचं नाव मागं पडलं. पण म्हणून त्यांनी ठोठावलेली दारं विसरायची का?

त्याच ऑक्सफर्डला जाण्यासाठी जगभरातली तरुण मुलं ऱ्होड्स शिष्यवृत्तीचा अर्ज करतात. ती सुरू झाली विसाव्या शतकाच्या आरंभी, पण बायकांना खुली व्हायला १९७७ साल उजाडलं. आपल्यातल्या कितीजणींचा जन्म त्याच्या आधीचा! आज मुलगी म्हणून अर्ज मागं फिरत नाही, ही काही आपोआप झालेली गोष्ट नव्हे.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, की बाळ, नंबर लागला तर आनंदच आहे. नाही लागला तर वाईट वाटून घे, दोन दिवस रड, मग दुसरा अर्ज भर. कॉर्नेलियाबाईंना मिळाली ती शिष्यवृत्ती सरकारची नव्हती, पण बोट तीच होती आणि ऑक्सफर्डही तेच. आणि आपण मोठ्या बायकांनी काय करायचं? एखादीच्या घरात तिच्या लग्नाची घाई चालली असेल, तर निदान अर्जाची तारीख उलटेपर्यंत तिच्या आईवडिलांशी जाऊन बोलायचं. मेरी हॉबहाऊस बाईंनी एक पत्रच तर लिहिलं होतं.