बीजगणितकार भास्कराचार्य

बीजगणिताच्या तासास कंटाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल कीं, त्या विषयावरील एक थोर ग्रंथ आपल्या सह्याद्रीच्या आश्रयानेंच लिहिला गेला. त्याचे कर्ते भास्कराचार्य शके १०३६ मध्यें, म्हणजे इ. स. १११४ सालीं, जन्मले. वडील महेश्वर स्वतः ज्योतिषी; मुलाचे गुरुही तेच. वयाच्या ३६ व्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, भास्कराचार्यांनीं 'सिद्धांतशिरोमणि' पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. लीलावती ही त्यांची कन्या असून तिच्या लग्नाची घटिका चुकली, ही कथा घरोघर सांगतात. ती फैजीच्या फारसी भाषांतरापासून पसरली, व आम्हांस तींत कथेपलीकडे कांहीं दिसत नाहीं.

बीजगणितांत अज्ञात राशीस ते यावत्तावत् म्हणतात. आणखी अज्ञात राशि आल्या तर काळक, नीलक, पीतक अशीं रंगांचीं नांवें देतात. उघड संख्या ती रूप. लिहितांना या, का, नी, रू हीं आद्याक्षरें. ही रीत त्यांच्याही पूर्वीची; परंतु त्यांनीं तिचा दंडक स्वच्छ सांगितला. एका जातीच्या पदांचीच बेरीज-वजाबाकी व्हावी, भिन्न जातीचीं पदें शेजारीं वेगळीं ठेवावीं.

त्यांचें एक उदाहरण पाहूं. एका गृहस्थाजवळ ६ घोडे व ३०० रूपें आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किंमतीचे १० घोडे, पण १०० रूपें ऋण. दोघांचें धन सारखें, तर घोड्याची किंमत काय? आचार्य एक बाजू 'या ६ रू ३००' अशी मांडतात, व तिच्याखालीं 'या १० रू १००', त्या शंभरावर ऋणाचें टिंब देऊन. घोड्यांखालीं घोडे, नाण्यांखालीं नाणीं. ६ व ३०० मिळवून ३०६ करण्याचा मोह येथें कोणास होईल? परंतु तेंच ६क्ष + ३०० असें फळ्यावर लिहिलें कीं, चांगलीं हुशार मुलें ३०६क्ष लिहून मोकळीं होतात, आणि सबंध उदाहरण जातें. टिंबाचेंही तसेंच. तें आपल्या पदाच्या डोक्यावरच बसतें. आमच्या वह्यांतून मात्र उणें चिन्ह वाटेंत गळतें. सजातीय पदें एकत्र आणतां चार घोडे म्हणजे ४०० रूपें, अर्थात् एका घोड्याचे १००.

इ. स. ११८३ च्या सुमारास, सत्तरीच्या उंबरठ्यावर, आचार्यांनीं 'करणकुतूहल' लिहिलें. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाळाच्या पदरीं होता. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. त्यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं पाटणें येथें मठ काढला. नाशिकाहून भुसावळच्या गाडीनें जातां वाटेंत चाळीसगांव लागतें. पाटणें तेथून जवळच आहे. तेथील भवानीच्या देवळांतला शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनीं उजेडांत आणला. मठाच्या खर्चासाठीं बाजारांतल्या मालावर लावून दिलेला वाटा त्यांत जुन्या मराठींत कोरलेला आहे.