खुर्चीवरून वेळेत उतरलेला संचालक

व्यवस्थापनशास्त्र शिकविणाऱ्या महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांत नेतृत्व आणि मूल्ये हे दोन शब्द हमखास आढळतात. अभ्यासक्रमात नीतिशास्त्राचा एखादा विषय असतो, त्याची परीक्षा होते आणि गुणही मिळतात. मात्र ही मूल्ये शिकविणारी संस्था स्वतः कोणत्या मूल्यांवर चालते, तिचा प्रमुख आपली सत्ता कशी वापरतो आणि केव्हा सोडतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. या प्रश्नाचे उत्तर भाषणातून न देता कृतीतून देणाऱ्या मोजक्या शिक्षणधुरीणांमध्ये रवी जॉन मथाई यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे, म्हणजेच आयआयएमचे, ते पहिले पूर्णवेळ संचालक होते. १९६५ ते १९७२ अशी अवघी सात वर्षे ते या पदावर राहिले. परंतु त्या सात वर्षांनी आणि त्याहूनही अधिक त्यानंतरच्या त्यांच्या निर्णयाने भारतातील व्यवस्थापन शिक्षणाला एक मानदंड मिळाला.

मथाई यांचा जन्म १९२७ चा. घराणे मूळचे केरळचे, सीरियन ख्रिस्ती. वडील डॉ. जॉन मथाई हे नामवंत अर्थतज्ज्ञ. टाटा उद्योगसमूहाशी त्यांचा निकटचा संबंध होता आणि १९४४ मध्ये देशातील आघाडीच्या उद्योगपतींनी मांडलेल्या सुप्रसिद्ध मुंबई योजनेच्या कर्त्यांपैकी ते एक होते. स्वतंत्र भारताचे पहिले रेल्वेमंत्री आणि पुढे अर्थमंत्री अशी पदे त्यांनी भूषविली. परंतु नियोजन आयोगाच्या अधिकारांसंबंधी पंतप्रधान नेहरूंशी मतभेद झाल्यावर १९५० मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५५ मध्ये ते स्टेट बँकेचे पहिले अध्यक्ष झाले आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी सांभाळले. आई अच्चम्मा मथाई यांनी फाळणीनंतर दिल्लीत निर्वासितांसाठी मोठे काम केले. पद हे काम करण्याचे साधन आहे, ते गेले म्हणून काम संपत नाही, याचे उदाहरण मुलाला घरातच पाहायला मिळाले होते.

रवी मथाई यांचे शिक्षण डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये आणि नंतर ऑक्सफर्डला झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी कलकत्त्याच्या व्यापारी जगात अधिकारी म्हणून काही वर्षे काढली. ब्रिटिश व्यवस्थापकांकडून भारतीयांकडे सूत्रे येण्याचा तो काळ होता. उत्तम पगार, क्लबचे सदस्यत्व, समाजात मान असे सारे काही त्या वर्तुळात होते. तिथली वाट सोडून ते अध्यापनाकडे वळले आणि कलकत्त्याच्या नव्या आयआयएममध्ये प्राध्यापक झाले. तिथे स्थिरावतात न स्थिरावतात तोच अहमदाबादहून बोलावणे आले.

अहमदाबादच्या संस्थेची स्थापना डिसेंबर १९६१ ची. पश्चिम भारतातील व्यवस्थापन संस्था मुंबईत काढावी असा विचार प्रथम होता. परंतु वैज्ञानिक डॉ. विक्रम साराभाई आणि उद्योगपती कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने ती नुकत्याच जन्मलेल्या गुजरात राज्यात गेली. केंद्र सरकार, गुजरात सरकार आणि उद्योगजगत यांच्या भागीदारीतून ती उभी राहिली. फोर्ड फाउंडेशनचे आर्थिक साहाय्य आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलचे शैक्षणिक सहकार्य तिला लाभले. साराभाई मानद संचालक होते आणि दैनंदिन घडण डॉ. कमला चौधरी यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी सांभाळली होती. १९६४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमाची पहिली तुकडी सुरू झाली. लुई कान या अमेरिकी वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे लाल विटांच्या इमारती आकार घेत होत्या. पाहुणे म्हणून आलेले परदेशी तज्ज्ञ आज ना उद्या परतणार होते आणि साराभाईंवर इतर अनेक जबाबदाऱ्या होत्या. संस्थेला पूर्णवेळ प्रमुख हवा होता.

१९६५ मध्ये मथाई यांनी हे पद स्वीकारले तेव्हा त्यांचे वय अवघे ३८ होते. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. अध्यापनाचा अनुभवही फार मोठा नव्हता. परदेशी विद्यापीठांतून प्रशिक्षित होऊन आलेले प्राध्यापक त्यांच्या हाताखाली काम करणार होते. वास्तविक हाताखाली हा शब्दच इथे चुकीचा ठरेल, कारण मथाई यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ही उतरंड मोडून काढण्याची.

त्या काळातील आपल्या बहुतेक शिक्षणसंस्था सरकारी कचेऱ्यांच्या धर्तीवर चालत. विभागप्रमुख म्हणजे साहेब, प्राचार्य म्हणजे मोठे साहेब आणि कनिष्ठ अध्यापकाने परवानगीचे अर्ज करीत राहावे, अशी रीत होती. मथाई यांची धारणा याच्या नेमकी उलट होती. ज्ञानाचे काम हुकमाने होत नाही. ज्याला ते करायचे आहे त्याला स्वातंत्र्य असेल आणि त्या स्वातंत्र्याची जबाबदारी त्याने स्वतः पत्करली असेल, तरच ते होते, असे ते मानीत. त्यामुळे काय शिकवायचे, कसे शिकवायचे, विद्यार्थी कोणत्या निकषांवर घ्यायचे, नवा प्राध्यापक निवडताना काय पाहायचे, असे प्रश्न प्राध्यापकांनी एकत्र बसून सोडवावेत, असा परिपाठ त्यांनी घालून दिला. संचालक हा बरोबरीच्यांमधला एक. त्याचे मुख्य काम प्राध्यापकांच्या कामाला लागणारे वातावरण राखणे आणि बाहेरच्या दडपणापासून त्यांचे रक्षण करणे.

हे बोलायला सोपे आणि आचरायला अवघड होते. प्राध्यापकांच्या बैठका लांबत, वाद होत, एका माणसाच्या सहीने जे काम तासाभरात झाले असते त्याला आठवडे लागत. परंतु अशा चर्चेतून झालेला निर्णय सर्वांचा असे. वरून लादलेल्या शिस्तीला पळवाटा शोधल्या जातात, स्वतः मान्य केलेल्या शिस्तीला त्या लागत नाहीत. अहमदाबादच्या संस्थेत प्रवेशाची पारदर्शकता आणि मूल्यमापनातील काटेकोरपणा जो रुजला, त्याचे मूळ या पद्धतीत होते. वशिल्याला दाराबाहेर ठेवणे ही केवळ संचालकाची नैतिक हिंमत राहिली नाही. ती संस्थेची सवय झाली.

व्यवस्थापन म्हणजे खासगी कारखान्यांचा नफा वाढविण्याचे तंत्र, ही समजूतही मथाई यांना मान्य नव्हती. देशाचे बहुतांश आयुष्य शेती, सहकार, सरकारी कचेऱ्या, शाळा आणि दवाखाने यांत जात असेल, तर व्यवस्थापनशास्त्राने तिकडेही वळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या कारकिर्दीत शेती व सहकार, सार्वजनिक उपक्रम आणि शिक्षण या क्षेत्रांतील अभ्यासाला संस्थेत जागा मिळाली. संशोधक आणि अध्यापक घडविणारा डॉक्टरेटच्या तोडीचा अभ्यासक्रम १९७१ मध्ये सुरू झाला. हार्वर्डच्या पद्धतीतून संस्थेने पुष्कळ घेतले होते; विशेषतः प्रत्यक्ष उद्योगातील एखादा पेचप्रसंग वर्गात मांडून विद्यार्थ्यांना निर्णय घ्यायला लावणारी केस पद्धत. मात्र वर्गात मांडायचे प्रसंग भारतीय मातीतले असावेत, याकडेही संस्थेने लक्ष दिले.

१९७२ साल उजाडले तेव्हा संस्थेचे नाव देशभर झाले होते. मथाई ४५ वर्षांचे होते. निवृत्तीचे वय दूर होते आणि कोणताही वाद त्यांना खुर्चीवरून ढकलीत नव्हता. त्याच सुमारास त्यांनी संचालकपद सोडले. दुसऱ्या मोठ्या पदासाठी नव्हे, उद्योगजगतातील गलेलठ्ठ पगारासाठीही नव्हे. ते त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. त्यांच्या जागी प्रा. सॅम्युएल पॉल संचालक झाले.

या निर्णयामागचा विचार स्पष्ट होता. संस्थेला एकाच माणसाची सवय लागली की तिची वाढ त्या माणसाच्या कुवतीपाशी थांबते. संस्थापकाने आजन्म खुर्चीवर राहायचे आणि त्याच्या पश्चात वारसाहक्काची भांडणे लागायची, ही आपल्या सार्वजनिक जीवनाची जुनी व्यथा आहे. सहकारी कारखान्यांपासून शिक्षणसम्राटांच्या महाविद्यालयांपर्यंत महाराष्ट्राला ती चांगलीच परिचित आहे. संचालकपद हे सन्मानाचे शिखर नसून ठरावीक काळ वाहायचे ओझे आहे, ते उतरवून माणसाने आपल्या मूळ कामाकडे परतावे, हे मथाई यांना दाखवून द्यायचे होते. आपल्याच जुन्या सहकाऱ्याच्या संचालकत्वाखाली, कोणताही विशेषाधिकार न मागता काम करणे ही पद सोडण्याहूनही कठीण गोष्ट. ती त्यांनी अखेरपर्यंत निभावली. डॉ. उदय पारीक आणि डॉ. टी. व्ही. राव यांच्यासमवेत संस्थाबांधणीवर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले. त्याआधी तो विषय ते जगले होते.

पद सोडल्यानंतरचे मथाई अधिक विलक्षण आहेत. १९७५ मध्ये त्यांनी राजस्थानातील अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा या तालुकावजा विकासगटाची वाट धरली. सुमारे दोनशे खेड्यांचा, वारंवार दुष्काळाने होरपळणारा हा भाग. इथे विकासाला आधार ठरेल अशी साधनसंपत्तीच नाही, असे सरकारी दृष्टीने दिसत होते. मथाई यांचा प्रश्न वेगळा होता. तिथली माणसे आणि त्यांच्या हातांतली कला यांना साधनसंपत्ती का म्हणायचे नाही?

त्या गावांत कातडी कमावणारे आणि हातमागावर विणणारे कारागीर होते. समाजाने त्यांना अस्पृश्य म्हणून वेशीबाहेर ठेवले होते, सावकार आणि व्यापारी यांनी त्यांना कर्जात आणि उपेक्षेत ठेवले होते. आयआयएममधील सहकारी आणि अहमदाबादच्याच राष्ट्रीय अभिरचना संस्थेतील अशोक चॅटर्जी व इतर अभिकल्पकार यांच्या साथीने मथाई यांनी या कारागिरांबरोबर काम सुरू केले. शहरी बाजारात खपतील अशा चामड्याच्या पिशव्या, सतरंज्या अशा वस्तू घडू लागल्या. परंतु वस्तू हा उद्देश नव्हता. कच्चा माल कुठून घ्यायचा, किंमत कशी ठरवायची, हिशेब कसा ठेवायचा, बँकेत आणि कचेरीत न घाबरता कसे बोलायचे, आपापसातील भांडण कसे मिटवायचे, हे सारे काम करता करता शिकणे म्हणजेच शिक्षण, अशी ही कल्पना होती. तिला त्यांनी ग्रामीण विद्यापीठ असे नाव दिले. त्याला इमारत नव्हती, पदवी नव्हती आणि शिक्षक कोण व विद्यार्थी कोण हेही ठरलेले नव्हते.

बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने एक दिवस अनावश्यक व्हायचे, ही या प्रयोगाची पहिली अट होती. अहमदाबादच्या वातानुकूलित बैठकींत आणि जवाजाच्या धुळीत मथाई यांचे तत्त्व असे एकच राहिले. प्रयोग सरळ रेषेत यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. बाजारपेठ बेभरवशाची होती, हितसंबंधांचा विरोध होता आणि कारागिरांचे बाहेरच्यांवरील अवलंबित्व कमी व्हायला अपेक्षेहून फार वेळ लागला. तरीही कारागिरांची संघटना उभी राहिली आणि मथाई यांच्या पश्चातही तिने काम चालू ठेवले.

रवी मथाई यांचे निधन १९८४ मध्ये झाले. जवाजाच्या अनुभवावरील त्यांचे पुस्तक त्यानंतर, १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या नावाचे शैक्षणिक नवोपक्रम केंद्र अहमदाबादच्या संस्थेत आहे.

त्यांनी जपलेल्या स्वायत्ततेची परीक्षा मात्र पुन्हा पुन्हा झाली. २००४ मध्ये केंद्र सरकारने आयआयएमचे शुल्क मोठ्या प्रमाणात कमी करण्याचा आदेश काढला, तेव्हा वाद केवळ पैशांचा नव्हता. संस्थेचे निर्णय कोणी घ्यायचे हा होता. २०१७ च्या कायद्याने या संस्थांना व्यापक स्वायत्तता आणि पदवी देण्याचा अधिकार मिळाला. २०२३ च्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना कुलाध्यक्षपद देऊन संचालकांच्या नेमणुकीत सरकारचा हात पुन्हा बळकट केला. त्याच वर्षी मुंबईतील नीटी या संस्थेला आयआयएमचा दर्जा मिळाला आणि साठ वर्षांपूर्वी हुकलेली आयआयएम अखेर मुंबईच्या वाट्याला आली.

कायदे बदलत राहतील. आयआयएमचे बहुसंख्य पदवीधर मथाई यांना अपेक्षित असलेल्या शेती-सहकाराकडे न जाता बड्या कंपन्यांकडे वळले, हेही खरे. परंतु संचालकाने ठरावीक काळानंतर खुर्ची रिकामी करावी आणि प्राध्यापकांनी आपल्या संस्थेचे धनी असल्यासारखे वागावे, ही अपेक्षा अहमदाबादमध्ये रूढ झाली ती मथाई यांच्यामुळे. यशस्वी नेता किती उंच गेला हे व्यवस्थापनाच्या वर्गात आवर्जून शिकविले जाते. तो गेल्यावर मागे उरलेली माणसे आपल्या पायांवर उभी राहिली की नाही, हा निकष लावून पाहिल्यास रवी मथाई यांची सात वर्षे अनेकांच्या प्रदीर्घ कारकिर्दींपेक्षा मोठी ठरतात.