डांबराचा डाग आणि प्रा. गज्जर

भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी मुंबईला दिलेला हा पुतळा १८७२ पासून फोर्टमध्ये उभा होता. १८९६ मध्ये दामोदर व बाळकृष्ण या चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले. इंग्रजी सत्तेच्या वर्मी लागलेला तो डाग पुढे धुऊन काढला, तो त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या भारतीय रसायनशास्त्रज्ञाने.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. डांबर पाण्यात विरघळत नाही. जहाल आम्ल वापरावे तर संगमरवरच धोक्यात येतो. कारण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हायड्रोक्लोरिक आम्लाशी त्याची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि दगड झिजतो. १०० ग्रॅम संगमरवर नाहीसा करण्यास असे सुमारे ७३ ग्रॅम आम्ल पुरते. त्यातून ४४ ग्रॅम वायू निघतो. डागावर चालेल, पण दगडाला धक्का लावणार नाही असे द्रावण निवडणे, त्याची तीव्रता ठरवणे, यातच रसायनशास्त्रज्ञाची कसोटी होती.

गज्जर यांचा जन्म १८६३ मध्ये सुरतेच्या सुतार कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते बडोद्यात प्राध्यापक झाले. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये तेथे कलाभवन उभे राहिले, त्यामागे गज्जर यांचीच दृष्टी होती. पिढ्यान्पिढ्या अंदाजाने चालणाऱ्या रंगाईसारख्या धंद्यांना तराजूची आणि मोजमापाची शिस्त लागावी, कारागिराच्या मुलाला हे शास्त्र त्याच्याच भाषेत कळावे, असा त्यांचा आग्रह होता. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी.

१८९६ मध्ये ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात आले. पुढे गिरगावात त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. डागाळलेले मोती शुभ्र करण्याची त्यांची पद्धत जव्हेरी बाजारात गाजली. मोतीही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच; म्हणजे पेच पुन्हा तोच, डाग जावा आणि मोती राहावा.

राणीचा पुतळा उजळणारा हा माणूस साम्राज्याचा सेवक होता काय? त्याचे उत्तर १९०७ मध्ये मिळते. त्या वर्षी गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेंबिक केमिकल वर्क्स ही स्वदेशी कंपनी स्थापन झाली. औषधांचे अर्क, म्हणजेच टिंक्चर, ही तिची आरंभीची उत्पादने. औषधी द्रव्य मद्यार्कात नेमक्या प्रमाणात विरघळवून ती तयार होत. प्रमाण चुकले तर औषध निरुपयोगी, प्रसंगी घातकही. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी शिकवले जाणारे द्रावणाचे गणित येथे रोग्याच्या जिवाशी जोडले गेले होते.

१६ जुलै १९२० रोजी गज्जर यांचे निधन झाले. चापेकरांनी परसत्तेविरुद्धचा संताप दाखवला. परदेशी मालावाचून देश कसा चालेल, हे गज्जर यांनी तराजू हाती घेऊन दाखवले. स्वातंत्र्याला दोन्हींची गरज होती.