होदिगेरेची समाधी

कर्नाटकात दावणगेरे जिल्ह्यातील चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे हे लहानसे खेडे आहे. शहाजीराजे भोसले यांची समाधी तेथेच आहे.

इ. स. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. तिच्यासाठी अखेरपर्यंत झुंजलेले शहाजीराजे आदिलशाहीत आले. १६३८ मध्ये रणदुल्लाखानासोबत त्यांनी केंपेगौडांचे बंगळूर घेतले आणि पुढे तेथेच आपले ठाणे केले. जिजाबाई व बाळ शिवाजी पुण्यास राहिले. जयराम पिंडे यांच्यासारख्या कवींना बंगळूरच्या दरबारात आश्रय मिळाला. तरीही १६४८ मध्ये जिंजीनजीक आदिलशहानेच त्यांना कैद करविले! पित्याच्या सुटकेसाठी शिवाजीराजांना कोंडाणा सोडावा लागला. जानेवारी १६६४ मध्ये होदिगेरेच्या रानात शिकारीच्या वेळी घोडा अडखळून पडला व राजांचा अंत झाला. पुण्यापासून इतक्या दूर, कन्नड बोलणाऱ्या या गावाच्या शिवारात त्यांची समाधी उभी आहे.